सागवान फिनिश

दोन हजार सालाच्या आसपास मला नर्सची नोकरी लागली, तेव्हा आईसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे कपाट. तोवर तिच्या साड्या पत्र्याच्या पेटीत, नाहीतर दोरीवर. वसमतच्या दुकानात तिनं कपाटावर हात फिरवला, दारं उघडून-लावून पाहिली. मी दुकानदाराला विचारलं, "सागवान आहे ना?"

"सागवान फिनिश हाय, ताई. डोळे झाकून न्या."

नेलं.

त्याच पावसाळ्यात कपाटाचा तळ फुगला. दार ओढून उघडलं, तर आई चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायची त्या पांढऱ्या साडीवर बुरशीचे डाग. खालची फळी बोटानं दाबली, तर भुसा हातात आला. नुसता भुसा, डिंकात दाबून बसवलेला, आणि वर सागवानी रेषांचा कागद.

आई म्हणाली, "जाऊ दे गं." पण माझं डोकं फिरलं होतं. टेम्पो केला, आईला सोबत बसवलं आणि कपाट दुकानाच्या दारातच उतरवलं.

दुकानदार हसला. "फिनिश म्हंजे वरून तसं दिसतं. सागवान वेगळं, सागवान फिनिश वेगळं. तुमाला शब्द कळला न्हाई, त्याला आमी काय करावं?"

आणि पाठ फिरवून तो आतल्या गिऱ्हाइकाकडे गेला. एक नवरा-बायको पोरीच्या लग्नासाठी पलंग बघत होते. "सागवान फिनिश हाय," तो त्यांना सांगू लागला.

मी फळीचा तुकडा मोडला आणि त्या बाईच्या हातावर ठेवला. "हे तुमच्या लेकीच्या सासरी जाणार."

तिनं तो चुरगाळून बघितला. "म्हंजे हे लाकूड न्हाईच? चला हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"काहून धंदा खराब करून राहिल्या?" दुकानदार ओरडला.

"सागवान म्हणा, न्हाईतर भुसा म्हणा. मधलं बोलू नका!" मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. रस्त्यावर माणसं जमली. ती हलेनात, तेव्हा कुठं त्यानं ते कपाट परत घेऊन लोखंडी दिलं. मी चारी बाजूंनी ठोकून बघितलं.

तरी राग उतरेना. त्या माणसानं आम्हाला बराबर फसवलं होतं आणि तो खोटं एक अक्षरही बोलला नव्हता.

टेम्पोत आई म्हणाली, "लई बोललीस."

"व्हय. अजून पोटात हाय."

तिनं मागं वळून कपाटाकडे बघितलं. मग म्हणाली, "मी बी बोलायला पायजे होतं."