'खाली'वर फुली

वृंदा अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. हेंद्रेपाड्यातली तिची आई सांगे, ही पोर लहानपणापासूनच हट्टी. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही. यंदा मार्चमध्ये त्या हट्टाचं काम पडलं.

झालं असं, की पत्र्याचा एक जुना ड्रम कापून कचऱ्याचं पिंप करायचं होतं. उल्हासनगरहून येणाऱ्या कमलेश सुपरवायझरने वरच्या मजल्यावरून विचारलं, "सोमा, वो लाल ड्रम खाली है क्या?" सोमा गावाकडचा माणूस. म्हणाला, "हो, खालीच आहे." कमलेश समजला, रिकामा आहे. सोमाला म्हणायचं होतं, तळमजल्यावर आहे. कमलेशने येऊन गॅस कटर लावला, आत उरलेलं रसायन भडकलं आणि शेजारी उभ्या सोमाचा हात भाजला. आता यात चूक कुणाची म्हणायची? शब्द हिंदीतही बरोबर आणि मराठीतही बरोबर.

वृंदाने कारखान्यापुरती शब्दसूची करायला घेतली. एका गोष्टीला एकच शब्द, आणि त्याचा एकच अर्थ, साध्या भाषेत. 'रिकामा: आतून धुतलेला, वाळवलेला, वास न येणारा.' 'खाली'वर तिने सरळ फुली मारली. कोणी तो शब्द वापरला तर ऐकणाऱ्याने उत्तरच द्यायचं नाही, असंही लिहिलं.

मॅनेजर श्यामकांत हसले. एवढं कुणाला कळत नाही, शब्दांचा कीस पाडून माल तयार होतो का, म्हणाले. वृंदाने वाद घातला नाही. बैठकीत सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या आणि 'टाकी खाली आहे' म्हणजे काय, ते लिहायला लावलं. निम्म्यांनी रिकामी लिहिलं, निम्म्यांनी खालच्या बाजूला. श्यामकांतांनी मुकाट सही केली.

पण सहीने जिभेची सवय मोडत नाही. रोज पाळी सुरू होताना वृंदा सगळ्यांकडून शब्द म्हणून घेऊ लागली, शाळेतल्या पाढ्यांसारखे. कामगार पाठीमागे तिला बाराखडीबाई म्हणत. तिला राग यायचा, वाईटही वाटायचं, पण एक दिवस चुकवला नाही.

सोमा कामावर परतला त्याच आठवड्यात कमलेश जिन्यावरून ओरडला, "सोमा, वो ड्रम खाली है क्या?"

सोमा गप्प. कमलेशने पुन्हा विचारलं, एक शिवीही हासडली. सोमा भाजलेला हात पोटाशी धरून तसाच उभा राहिला. शेवटी कमलेश जिना उतरून त्याच्यासमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रिकामा है?"

"नाही," सोमा म्हणाला. "भरलेला आहे."