बाबांचं बोट आणि दोन व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. बटण दाबलं की लगेच काही होत नाही. साबणाच्या डबीएवढी काळ्या धातूची पेटी, तिला पुढून काचेची खिडकी, खिडकीच्या आत करंगळीएवढ्या दोन काचेच्या नळ्या. त्यांच्यातली तार हळूहळू नारिंगी होते. हेडफोनमध्ये आधी काहीच नसतं. मग बारीक सूं ऐकू येतं, आणि त्यानंतर गाणं. अख्ख्या दिवसात माझ्याकडे कोणी काही मागत नाही असा माझा तेवढाच वेळ होता.

हा ॲम्प्लिफायर माझ्या मैत्रिणीचा. नोकरीसाठी पुण्याला जाताना तिने तो माझ्या पिशवीत कोंबला. फोन, ही डबी आणि कानांवर घट्ट बसणारे मोठे हेडफोन, असं सगळं एकमेकांना जोडायचं. "तू ऐकत जा काहीतरी," ती म्हणाली, "सारखी बोलूनच राह्यली असते." मला ते घ्यायची लाज वाटली होती. एकटीने ऐकायची वस्तू आमच्या घरात बसत नव्हती. आमच्याकडे गाणं लागलं तर ते शेजाऱ्यांनाही लागायचं, आणि भाषण असेल तर अख्ख्या मोहल्ल्याला.

तरी मी ऐकायला लागले, कारण थकले होते. जिवतीच्या पहाडावरच्या गावांना जाणारी संध्याकाळची बस बंद झाली होती आणि मी त्यावर पत्रक लिहीत होते. सकाळी बल्लारपूरहून गाडीने वर जायचं, लोकांशी बोलायचं, दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून परत यायचं. कॉलेजातल्या पोरी फाट्यावर उतरून पहाड चढत घरी जात होत्या. आधीच्या पत्रकाने काही झालं नव्हतं. त्याच्या आधीच्यानेही नाही. घरी येऊन मी कूलरसमोर भिंतीला टेकायचे, कान झाकायचे आणि पहाडावरच्या बायांची मी स्वतः रेकॉर्ड केलेली नाचाची रेला गाणी लावायचे. गोंडी मला अर्धीच कळते. त्या दिवसांत अर्धीच बरी वाटायची.

मी पत्रकांवर वाढले. बाबा आरा मशीनवर होते. दिवसभर सागवानाचे ओंडके चिरायचे आणि रात्री लिहायचे. जंगलातल्या गावांचं, लाकूड डेपोतल्या हमालांचं, रेशनचं, पाण्याचं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. पुढच्या बाजूवर काय आहे ते मला मोठी झाल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी तेच करायला लागले.

आमच्याकडे पत्रक आधी वाचलं जायचं, मग छापलं जायचं. बाबा म्हणायचे, पत्रक एकजण वाचते आन दहाजण ऐकते, पानठेल्यावर, चक्कीवर, बसची वाट पाहताना. मग ते कानालेच विचारून घ्यावं. म्हणून लिहिणाऱ्याने टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी डोळे मिटून ऐकायचं. वाक्य सैल असलं की ते तर्जनीने टेबलावर टक करायचे. मग थांबायचं, ते वाक्य खोडायचं, दुसरं म्हणायचं. पुन्हा टक आली तर पुन्हा. एकही टक न होता शेवट आला की बाबा म्हणायचे, "छापा." लहानपणी मी त्या बोटाला जेवढी भ्यायले तेवढी कुठल्या मास्तरला भ्यायले नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या पत्रकांना टक येईनाशी झाली होती. बाबा डोळे मिटून बसायचे, मी वाचायचे, शेवटी ते म्हणायचे, "छापा." मला वाटलं, मला लिहिता यायला लागलं.

त्यांना ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात उशिरा आलं, आणि त्याचं कारण आरा मशीनच. मशीन चालू असताना तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून कामगार हातांनी बोलतात. पंजा वर केला की थांब. दोन बोटं म्हणजे चहा. तळहात आडवा फिरवला की आजचं संपलं. ही बोली बाबांनी घरी आणली आणि आईने ती लग्नानंतर लगेच शिकून घेतली. ती दोघं नेहमीच तशी बोलायची, स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. त्यामुळे घरातलं बोलणं कधी कमी झालं ते मला दिसलं नाही.

आईला ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"किती दिवसापासून वं आई?"

"तू कॉलेजात होती तवापासून."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"त्याहीले सांगून पाह्य," ती म्हणाली. "मले म्हणते, तूच हळू बोलतं. मी हळू बोलतो का? इकडून हाका मारल्या तर पलीकडच्या गल्लीतली गाय पाह्यते."

मी सांगून पाहिलं. डॉक्टरकडे चला, कानाचं मशीन घेऊ. बाबा म्हणाले, जिंदगीभर मशीनीजवळ राह्यलो, आता कानात मशीन घालू का. मी पुन्हा बोलले तेव्हा त्यांनी पंजा वर केला. थांब. आमच्या घरात त्या पंजापुढे कोणी जात नाही.

पण मग माझी अडचण अशी झाली की टक नाही म्हणजे काय, हेच मला कळेना. बसचं पत्रक लिहून तयार होतं. बाजाराच्या दिवशी ते पहाडावर वाटायचं होतं, त्यामुळे प्रेसवाल्या भाऊंचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी बाबांसमोर उभी राहून वाचलं. त्यांचे डोळे मिटलेले, बोट टेबलावर तयार. मधला एक परिच्छेद मी मुद्दाम दोनदा वाचला. शेवटी डोळे किलकिले करून, माझे ओठ थांबलेले पाहून ते म्हणाले, "छापा."

मी "हो" म्हटलं आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. प्रेसला दिला नाही. त्या छापा शब्दाशिवाय मी आजवर काही छापलं नव्हतं, आणि आता तो शब्द माझ्या हातात असून पोकळ होता. आपल्याला ऐकू येत नाही असं त्यांनी एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते म्हणत नव्हते आणि मी त्यांच्या तोंडून काढू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीला टेकून कान झाकून बसले होते. बाबा आले आणि डबीच्या खिडकीकडे वाकून बघायला लागले.

"व्हॉल्व्ह आहे का वं हे?"

मी मान हलवली.

"डेपोच्या चौकीदाराजवळ होता व्हॉल्व्हचा रेडिओ," ते म्हणाले. "बटन दाबून चहा आणायले जायचं. चहा येईस्तवर तो गरम होये, मग बोले." त्यांनी डबीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "या उन्हाळ्यात तू उशाले चूल घेऊन बसली."

बाबा त्या नळ्यांकडे बघत राहिले. कानाच्या मशीनला नाही म्हणणारा माणूस व्हॉल्व्हला नाही म्हणणार नाही, हे मला तेव्हा सुचलं. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि ते पत्रक फोनवर वाचून रेकॉर्ड केलं. जशी टेबलाशी वाचते तसंच, त्याच आवाजात. बाहेर येऊन डबी टेबलावर ठेवली, हेडफोन बाबांच्या डोक्यावर बसवले आणि आवाज जपून चढवत नेला. ते एकदम ताठ बसले तिथे मी थांबले.

आता पत्रक बाबांच्या कानात चालू होतं आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसता कूलर. मी हातात कागद धरून फोनवरची सरकती रेघ बघत होते, म्हणजे ते कोणत्या वाक्यावर आहेत ते कळेल.

पहिल्याच वाक्यावर टक आली.

मी फोन थांबवला. बाबांचे डोळे उघडले होते. ते स्वतःच्या बोटाकडे बघत होते. त्यांनी पुन्हा बोट आपटलं, या वेळी वाचन बंद असताना. मग परत.

"याच्यात वाजून राह्यलं," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग आठवलं, डबीला धक्का लागला की त्या नळ्या किणकिणतात आणि ते हेडफोनमध्ये ऐकू येतं. टेबलावर बोट पडलं की ती थरथर डबीत जात होती. बाबांना त्यांची टक ऐकू येत होती. त्यांनी आणखी दोनतीनदा वाजवून पाहिलं, हळू, जोरात, नखाने. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने मला हाताने विचारलं, काय झालं. मी हातानेच सांगितलं, थांब.

"चालू कर," बाबा म्हणाले. "पह्यल्यापासून."

पहिलं वाक्य असं होतं: शासनाच्या उदासीन धोरणामुळे परिसरातील जनसामान्यांमध्ये तीव्र असंतोषाची भावना निर्माण झाली आहे.

टक.

"बस कुठी आहे याच्यात?"

मी कागदावर बोट ठेवून दाखवलं, पुढच्या परिच्छेदात.

"तवापर्यंत माणूस पानठेल्यावरून निघून गेला ना वं बाई."

दुसऱ्या वाक्यावर टक. तिसऱ्यावर टक. चौथं ऐकून घेतलं आणि मग टक. प्रत्येक वेळी त्यांचं बोट पडायचं, त्यांच्या कानात काच वाजायची आणि ते किंचित मान हलवायचे. मी खोडत गेले. जळजळीत म्हणून लिहिलेले शब्द एकेक करून गेले. माझे गाल तापले होते. हा राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण तो शासनावरचा नव्हता.

अर्ध्या कागदावर बाबांनी हेडफोन एका बाजूने उचलले.

"असंच लिहून राह्यली का तू एवढ्या दिवसाची?"

"तुमीच छापा म्हणत होते," मी ओरडून म्हटलं, कारण आता त्यांच्या कानात डबी नव्हती.

त्यांना ते ऐकू आलं. हेडफोन परत नीट बसवून घेतले आणि बोट टेबलावर तयार ठेवलं. एवढ्या जवळ येऊनही त्यांनी ऐकू येत नाही असं म्हटलं नाही, आणि मला पुन्हा विचारायची ताकद नव्हती. आईने दोन बोटं दाखवली. चहा. आम्ही दोघांनीही मान हलवली.

चहा झाल्यावर फोन पुन्हा सुरू केला. ऊन उतरायला लागलं होतं. फाट्यावरून पोरी चालत निघतात ते वाक्य आलं आणि त्यावर टक आली नाही. मी रेघेकडे बघत होते. त्यापुढच्या वाक्यावरही आली नाही. त्यापुढच्याही. बाबांचे डोळे मिटलेले, चेहरा शांत, बोट टेबलावर टेकलेलं. पोरींनी मला जे सांगितलं ते तिथे मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत ठेवलं होतं, म्हणून ते टिकलं असेल, असं मला वाटलं. बरं वाटलं. मग माझी नजर डबीकडे गेली.

खिडकी काळी होती. बॅटरी संपली होती. दुपारभर कूलरसमोर ती चालू होती, मीच तिला सकाळपासून चार्जिंगला लावलं नव्हतं. फोनवर रेघ सरकत होती, पण बाबांच्या कानात आता काहीही जात नव्हतं.

ते तसेच बसून राहिले. कागदावर अजून दोन परिच्छेद होते. मी फोन थांबवला नाही, रेघ सरकू दिली. थोड्या वेळाने त्यांनी बोट उचललं, टेबलावरून हात मागे घेतला आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "छापा."

मी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढले नाहीत. समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी पंजा वर केला. त्यांच्यासमोर मी तो कधी वर केला नव्हता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनवर अजून सरकणाऱ्या रेघेकडे, मग डबीच्या काळ्या खिडकीकडे. हात पुढे करून त्यांनी टेबलावर एकदा टक केली आणि कान देऊन वाट पाहिली.

"केव्हा बंद पडली वं?"

मी कागदावर बोट ठेवून वाक्य दाखवलं. फाट्यावरून पोरी चालत निघतात.

त्यांनी ते वाक्य डोळ्यांनी वाचलं, ओठ हलवत. हेडफोन स्वतः काढले, वायर गुंडाळून डबीशेजारी ठेवली. कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो नुसता खडखडत होता.

"मले नाई ऐकू येत," बाबा म्हणाले. आवाज साधाच होता, पाण्याची टाकी भरली म्हणून सांगावं तसा. "हिले चार्जिंगले लाव. उरलं ते सकाळी घेऊ."

मी डबी चार्जिंगला लावली आणि प्रेसवाल्या भाऊंना फोन करून सांगितलं की पत्रक उद्या देते.

"आता काय राह्यलं हो ताई त्याच्यात?" ते म्हणाले.

मी म्हटलं, अर्धं अजून ऐकायचं आहे.