ती पत्रं मधुकरने वाचली

हे लिहायचं मी पाच वर्षं टाळलं. आधी वाटायचं, निवांत भेटून बोलू, लिहायचं कशाला? मग वाटायला लागलं, आता फार उशीर झाला, उकरून काय मिळणार. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी मधुकरच्या बायकोचा, शांताबाईंचा फोन आला. "सर, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मागे कोणीतरी सतरंज्या मागत होतं तो आवाज ऐकू येत राहिला. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगून टाकतो. आता हे कोणालाच सांगायची गरज उरली नाही, असं आलं. दुःख नंतर आलं.

मधुकर कंपोझिटर होता. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात त्याने तीसेक वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले आणि शिशाच्या खिळ्यांचा जमाना गेल्यावर तिथेच बाइंडिंगमध्ये उरलेली नोकरी काढली. मी कॉलेजात संस्कृत शिकवत होतो. आमची गाठ पडली ती दोघेही निवृत्त झाल्यावर, जपानीच्या वर्गात. नवऱ्याला मिहानमधल्या कंपनीत नोकरी म्हणून नागपुरात आलेल्या साकाई बाई रविवारी सकाळी धंतोलीतल्या एका शाळेच्या खोलीत शिकवायच्या. नोकरीच्या आशेने आलेली पंधरा-वीस मुलंमुली आणि मागच्या बाकावर आम्ही दोन म्हातारे. मी आलो होतो वेळ जात नव्हता म्हणून. मधुकर कशासाठी आला होता, ते दीड वर्षाने कळलं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्याने पिशवीतून एक झेरॉक्स काढून बाईंपुढे ठेवली. "मॅडम, मले हे वाचाचं आहे. याच्याचसाठी आलो होतो." बाईंनी कागद सरळ धरला, उलटा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि कानकोंड्या होऊन हसल्या. आपल्यालाही हे वाचता येत नाही, म्हणाल्या. भाषा जुनी, शाळेत सक्तीने शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो ती. आणि अक्षर तर शंभर वर्षांपूर्वीचं, एकातून दुसरं निघणारं, धाग्यासारखं. कोणा बाईचं अक्षर असावं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

मधुकरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात, तो लहान असताना, एक वृद्ध जपानी भिक्खू दोन हिवाळे राहून गेले होते. मधुकरची आई त्यांच्यासाठी भाकरी पाठवायची. ते आजारी पडून मायदेशी गेले आणि कापडात बांधलेलं एक पुडकं मागे राहिलं. वस्तीने ते सूत्र समजून बुद्धमूर्तीशेजारी ठेवलं. रोज त्यावर फूल पडायचं. पन्नास वर्षं सगळ्यांनी हात जोडले, काय लिहिलं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मधुकरचं म्हणणं साधं होतं. "आपल्या बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगतलं, सर. अन् आपण न वाचलेल्या कागदाले फुलं वाहून राहिलो."

त्या दिवसापासून बाईंनी आम्हाला वर्गानंतर तासभर जुनी जपानी शिकवायला घेतली, स्वतःच्या शाळेतलं जीर्ण पुस्तक मागवून. क्रियापदांची जुनी रूपं, त्यांचे तक्ते. मला ते तक्ते बघून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. धातुरूपं घोकण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी आठ दिवसांत ते पाठ केले आणि मधुकरला म्हणून दाखवले. तो जांभई दाबत म्हणाला, "हे तुमी सांभाळा, सर. मी अक्षरं पाहतो." मला तेव्हा ते माझ्या श्रेष्ठत्वाची कबुली वाटली. वर्षभराने बाई परत गेल्या. मग दर मंगळवारी दुपारी मधुकर सायकलने माझ्याकडे यायचा आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बसायचो. माझे तक्ते तिथे सहा महिने नुसते पडून होते, कारण कुठलं अक्षर कुठलं हेच मला दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं. जन्मभर अक्षरं उलटी वाचलेला माणूस तो. त्याने झेरॉक्स मोठ्या करून घेतल्या, एकेक अक्षर कात्रीने कापलं, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चिकटवलं आणि काड्यापेट्यांत भरलं. एका अक्षराची एक काडीपेटी. ते कागद लिहिणाऱ्या बाईने एकच अक्षर चौदा तऱ्हांनी लिहिलं होतं आणि चौदाही एका पेटीत. पाहता पाहता शंभरावर पेट्या झाल्या. अक्षरांची ओळख पटली तसा शब्दकोश घेऊन अर्थही तोच लावू लागला. मी रूपं तपासायचो... तेवढंच.

छापखान्यातली एक रीत त्याने इथेही आणली. जुळवताना एखादा खिळा संपला तर कंपोझिटर त्या जागी दुसराच कोणतातरी खिळा उलटा लावून ठेवतो. छापलं की तिथे काळा ठिपका उठतो, आणि इथे अक्षर यायचं आहे हे सगळ्यांना दिसतं. जो शब्द लागला नाही तिथे मधुकर वहीत तसा काळा ठिपका काढायचा. मला ते सहन व्हायचं नाही. "अरे, संदर्भावरून कळतंच आहे की," मी म्हणायचो. तो मान हलवायचा. "कळते म्हणून लावाचं नसते, सर. सापडलं का लावाचं."

ती सूत्रं नव्हती. ती नऊ पत्रं होती, भिक्खूंच्या आईने मुलाला लिहिलेली. विहारात जाऊन सांगायची मला भीती वाटत होती. तिथले सर्वांत वयस्क गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, "आईचं पत्र हाय तं काय झालं? फूल राहू द्या."

सातव्या पत्रात आम्ही दोन महिने अडलो. एका ओळीचा अर्थ मी लावला होता : तुझ्या खोलीत दिवसभर पाऊस ऐकू येतो. मी त्यावर खूश होतो. गळकं छप्पर, एकटी आई, मनात टीपसुद्धा तयार होती. मधुकर म्हणाला, "पुढच्या ओळीत ऊन हाय म्हणते, सर. कपडे वायत घातले म्हणते. तुमी घरात पाऊस काहून पाडून राहिले?" आणि माझ्या ओळीवर त्याने दोन काळे ठिपके काढले. मी चिडलो. पुढच्या मंगळवारी तो तासभर आधीच आला, दारातूनच "सापडलं!" म्हणत. जेवताना त्याने ही अडचण बायकोला सांगितली होती. शांताबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं, भाऊ घरात रेशीमकिडे पाळतो. त्या म्हणाल्या, "किडे असतीन. पाला टाकला का घरात पाऊस आल्यावानीच आवाज येते." मधुकर जेवण तसंच टाकून उठला, पेट्या उघडून बसला आणि न लागलेली ती दोन अक्षरं चौथ्या पत्रातही त्याला भेटली, आणि तिथेही 'किडे' हाच अर्थ बसला. सातव्या पत्रात आई लिहीत होती, तुझ्या खोलीत यंदा रेशमाचे किडे ठेवले आहेत, ते पाला खातात तेव्हा पाऊस पडल्यासारखं वाटतं, त्यामुळे घर रिकामं वाटत नाही... वाचून झाल्यावर त्याने ती दोन अक्षरं त्यांच्या पेटीत ठेवली. मग तो म्हणाला, "माय हाय गा कोणाचीतरी." 'सर' सोडून, मित्राला म्हणावं तसं तो मला 'गा' म्हणाला, असं तेवढं एकदाच झालं.

पुस्तिका काढायचं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. मजकूर मी पाठवला. मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव आलं ते त्यांनी परस्पर घातलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मुखपृष्ठाचा नमुना मला दाखवला होता आणि मी 'ठीक' म्हणालो होतो. आतल्या ऋणनिर्देशात मी लिहिलं, 'श्री. मधुकर यांनी हस्तलिखिताच्या प्रती काढून दिल्या.' आणि मधुकरच्या वहीत शेवटपर्यंत उरलेले सात काळे ठिपके मी काढून टाकले. त्या जागी मला शोभतील असे शब्द घातले. ती सात ठिकाणं त्या आईची नाहीत, माझी आहेत.

प्रकाशन कॉलेजच्या सभागृहात झालं. मधुकर आणि शांताबाई चौथ्या रांगेत बसले होते, तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. प्रमुख पाहुण्यांनी सातवं पत्र वाचून दाखवलं. मग कौतुकाने त्यांनी मला विचारलं, हे पावसाचं आणि किड्यांचं कोडं तुम्हाला सुटलं तरी कसं? माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "बरेच दिवस विचार करत होतो. एकदा जेवता जेवता सुचलं." टाळ्या पडल्या. शांताबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला. नंतर गर्दीत तो भेटायला आला, हात जोडून म्हणाला, "छान झालं, सर." हातातली प्रत त्याने अंगठ्याने चाळली, एका पानावर थांबला. "काये ठिपके काढले वाटते." मी म्हणालो, वाचकाला अडखळायला होतं. "हो," तो म्हणाला, "होते तसं." पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीही फोन केला नाही. का येत नाहीस, असं विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत होतं.

तो धंतोलीत दवाखान्यात आहे असं यंदा कळलं. मी गेलो. रिक्षात बसून वाक्य तयार केलं होतं. त्याने मला पाहिलं आणि हसला. "जय भीम, सर. या. तो केसपेपर पाहा बरं जरा. डॉक्टरचं अक्षर आहे, मले लागून नाही राहिलं. पेट्या आणा लागते." शांताबाई चहा आणायला खाली गेल्या, मुद्दामच गेल्या असाव्यात. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "मधुकर, त्या दिवशी..." "कोणत्या दिवशी?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत थांबला. खरोखर थांबला. त्याला घाई नव्हती, राग नव्हता. मी म्हणालो, "त्या दिवशी तुला फोन करणार होतो, राहून गेलं." त्याने डोळे मिटले. "राहते कधी कधी," म्हणाला. चहा आला. त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याला आदरांजली वाहण्याच्या, कार्यक्रमात 'मधुकरभाऊंना जपानी शिकवणारे सर' म्हणून माझी ओळख करून दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तिथेही मी, मधुकर कष्टाळू विद्यार्थी होता, असं बोलून खाली बसलो. निघताना शांताबाई दारापर्यंत आल्या. "सर, ते किड्याचं मी सांगतलं होतं त्यायले. तुमाले आठवते ना?" मी म्हणालो, आठवतं. "मंग ठीक," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मलेच भास होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेलो. तिथे ठेवलेल्या पुस्तिकेच्या प्रतींत मुखपृष्ठावरचं माझं नाव खोडून मधुकरचं लिहिलं, सातही जागा पेनाने काळ्या केल्या आणि सातव्या पत्राखाली शांताबाईंचं नाव लिहिलं. ज्या वाचकांकडे ती पुस्तिका असेल त्यांनीही कृपया तसं करावं. एवढं माझ्या हातात होतं. रिक्षात तयार केलेलं वाक्य मात्र ज्याला सांगायचं होतं, त्याला सांगायचं राहिलं. ते असं होतं.

मधुकरराव, ती पत्रं तुम्ही वाचलीत, मी नाही. मला ते सुचलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, तुम्ही आणि शांताबाई समोर बसलेले असताना बोललो. मला माफ करा.