थोरली, धाकटी आणि मॅडम

पहिले काही महिने माझी अशी समजूत होती, की मॅडमच्या घरी दोन भांडखोर जावा आहेत. ताथवड्याच्या कॉलेजात मी रसायनं पोहोचवायला गेले, की त्या सांगायच्या, "थोरली आज खूश आहे हो ताई, पण धाकटी दारातसुद्धा उभं करत नाही." मी मनात म्हणायचे, एवढी शिकलेली बाई आणि घरी हे हाल. मग कळलं, की थोरली आणि धाकटी ही मेंदूतली दोन एन्झाइमं. त्यांची खरी नावं लांबलचक होती आणि मॅडमनाच त्यांचा कंटाळा यायचा.

मॅडमचं काम अल्झायमरवरच्या औषधाचं. एका एन्झाइमला अडवणारी औषधं मिळतात, पण हा आजार एकाच वाटेने येत नाही. म्हणून दोघींना एकदम रोखणारा एकच रेणू त्यांना घडवायचा होता. त्याला दोन टोकं आणि मधे साखळी. साखळी लांबवली की थोरलीत चपखल बसायचा आणि धाकटीत अडकायचा. आखूड केली की थोरली रुसायची. शिवाय सगळा ऐवज मेंदूत शिरण्याइतका लहान हवा. "दोघींना थोडं थोडं कमी वाढायचं, पण उपाशी कुणालाच ठेवायचं नाही," असं त्या म्हणायच्या आणि एका कार्बनवरून दुपारभर स्वतःशीच हुज्जत घालायच्या. मी भोसरीत शून्यातून धंदा उभा केलाय, भल्याभल्या परचेसवाल्यांना घाम फोडलाय. पण इतकी चिवट घासाघीस मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

त्यांचा 'नाही' मात्र भलताच मऊ. एकदा माझ्या सॉल्व्हंटमध्ये पाण्याचा अंश आहे म्हणाल्या. मी भडकले. माझा माल आहे, असं कसं म्हणता, वगैरे बरंच बोलले. त्या म्हणाल्या, "झालं ओरडून? चहा घ्या. बाटली जाताना न्या."

तशाच एका 'नाही'चा राग मी आजही धरून आहे. आमचे अण्णा चाकणच्या बैलबाजारातले नावाजलेले दलाल. आधी ते आमच्या गावाची, निघोज्याची वाट विसरले, मग मला. मी त्यांची एकुलती एक लेक, आणि मला ते "ओ बाई" म्हणू लागले. अशात एक दिवस मॅडमनी विद्यार्थ्यांना पेढे वाटले. एक रेणू दोघींनाही मानवला होता. मी म्हटलं, "अण्णांना द्या."

"नाही ताई."

"कागदावर सही देते. काही झालं तर माझ्यावर."

"अजून यकृताच्या पेशींवरही तपासलेला नाही. अण्णांना कसा देऊ?"

मी असा आवाज चढवला, की शेजारच्या वर्गातला तास थांबला. उद्यापासून माल दुसरीकडून घ्या, असं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "बरं. रविवारी अण्णांना भेटायला येऊ?"

आणि खरंच आल्या. अण्णांना वाटलं, गिऱ्हाईक आलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. अण्णांनी टॉवेल पसरला आणि दारात नसलेल्या खिलारी बैलाचा भाव सुरू केला. मॅडम पहिल्याच बोटाला मान डोलावून मोकळ्या झाल्या. अण्णा हबकले. "अवो पावनं, येवढ्यात हो म्हंता व्हय? लोकं हसत्याल आमाला." मग त्यांनीच बोटं कशी धरायची ते शिकवलं. पुढे रविवार आला की त्यांची नजर फाटकाकडे. "गिऱ्हाईक न्हाई का आलं?" आणि मॅडम आल्या की मला म्हणायचे, "ओ बाई, पावन्यास्नी च्या ठेवा." अंघोळ घालणारी मी, भरवणारी मी, आणि हात धरायचा तो यांचा. माझा जळफळाट व्हायचा. माल देणं मात्र मी थांबवलं नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पुढे त्या रेणूने यकृताच्या पेशी मारल्या. 'बघा, मी सांगितलं नव्हतं का,' एवढं तरी मॅडम बोलतील असं वाटलं होतं. बोलल्या असत्या, तर मला भांडता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "साखळी बदलावी लागेल. मेथॅनॉल पाठवा."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून कुठे? काय चालत नाही ते आता कळलंय ना."

मग त्यांना हैदराबादच्या औषध कंपनीत नोकरी लागली. तिथेही थोरली आणि धाकटीच. गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. अण्णांनी चेहरा ओळखला, टॉवेल पसरला आणि फोनपुढे हात धरून बसले. मला काय करावं कळेना. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, माझ्या वतीने या ताई बोलतील. माझ्या दलाल आहेत."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाईमानूस दलाल? बरं, बसा. पर मदी खाऊ नका."

मी बसले. टॉवेलाखाली हात घातला, आणि अण्णांनी माझी बोटं धरली.

आता फोन असो वा नसो, रोज संध्याकाळी आमची बैठक बसते. मॅडमनी औषध दिलं नाही, हा राग आहे तसाच आहे. बैलही अजून विकला गेलेला नाही. भाव मी मुद्दाम जमू देत नाही.