तीन ओट्या आणि एक गड

वडील सुट्टीवर आले की आई पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागायची, आणि ते परत निघाले तरी ती राहूनच गेलेली असायची. अजिंक्यतारा. कोरेगावजवळच्या आमच्या गावाहून सातारा काही काळ्या पाण्यावर नव्हतं. पण वडील पलटणीतून येणार ते वर्षातून एकदा, आणि तेवढ्यात उसाची लागण, कुणाचं तरी लग्न, गोठ्याची पडलेली भिंत. गड आपल्या जागी आणि आई चुलीपुढं.

तिला गडाचं काही पडलेलं नव्हतं. तिला आगगाडी बघायची होती. आमच्या स्टेशनात वडिलांची गाडी हलली रे हलली की वळणाआड जायची. हात वर करावा तोवर नुसता धूर. मग बाजारात कुणीतरी तिला सांगितलं, की गडावरून गाडी अशी लांबच्या लांब दिसते. तेव्हापासून तिनं ध्यास घेतला. आपला माणूस कुठल्या वाटेनं जातो, ते त्याच्याकडूनच बोटानं दाखवून घ्यायचं होतं तिला.

लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दहाएक वर्षांची होते. त्या सुट्टीत आई हटूनच बसली. परतीची गाडी साताऱ्याहून धरायची. सकाळच्या एसटीनं तिघांनी जायचं, सातारा बघायचं, आणि संध्याकाळी वडील स्टेशनावर, आम्ही मायलेकी एसटीनं घरी. वडिलांनी लगेच कवायत आखावी तसा दिवस आखला. उन्हं तापायच्या आत गड, मग राजवाडा, मग कंदी पेढे, मग बागेत बसून भाकरी. आई म्हणाली, "माझं काय न्हाई. गड तेवढा हुकवू नगा."

हुकला तो वडिलांच्या ट्रंकेमुळं. स्टँडवर उतरल्यावर ती काळी पत्र्याची ट्रंक घेऊन गड कोण चढणार? वडील म्हणाले, "आपल्या एका गड्याचं घर हितंच हाय. ट्रंक ठिवू, खुशाली सांगू, दोन मिनटात निघू."

फौजी माणसाच्या घरची रीत ज्याला ठाऊक आहे, तो या दोन मिनिटांना हसेल. सुट्टीवर आलेल्यानं आपल्या जोडीदारांच्या घरी जाऊन खुशाली सांगायची, हा आमच्याकडचा कायदा आहे. टपालावर कुणाचा विश्वास नाही. त्याला डोळ्यांनी बघितलेला माणूस समोर बसून बोलला पाहिजे. वडिलांच्या पलटणीतले तिघं जण साताऱ्याचे. एका घरी गेलो हे उरलेल्या दोघांना कळल्याशिवाय राहणार होतं थोडंच?

पहिल्या घरी पोहे झाले, चहा झाला, शेजारपाजार गोळा झाला. आम्ही उठलो तशी घरातली म्हातारी म्हणाली, "पयल्यांदा आलीस, तशीच जाशील व्हय?" आणि आईची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवा खण. ओटीचा नारळ वाटेत फोडायचा नाही, कुणाला देऊन टाकायचा नाही. घरी नेऊन त्याचं गोडधोड करायचं. आईनं तो पिशवीत घातला आणि गडाकडं बघितलं. गड तिथंच होता.

दुसऱ्या घरी जेवायलाच बसवलं. आमची भाकरी तशीच फडक्यात. ताटात एवढा शिरा, की वडिलांची शिस्त तिथंच ढिली पडली. पुन्हा ओटी, पुन्हा नारळ, खण लाल. बाहेर पडताना आई मला कानात म्हणाली, "सातारा बघायला आलो का नारळ गोळा कराया?"

तिला आणखी एका गोष्टीची गंमत वाटत होती. वडील दोन्ही घरी तेच सांगत होते. पोरगा मजेत आहे, तब्येत लय सुधारलीय, अंगानं भरलाय. तिसऱ्या गल्लीत वळताना आई म्हणाली, "आवं, तुमच्या पलटणीत समदीच जाड झाल्यात. खंदकात मावत्यात का?"

वडील हसले. मग म्हणाले, "बर्फात काय व्हतंय ते त्यांस्नी सांगू व्हय गं?"

वडील आमच्याशीही असंच बोलत असणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आईच्या तर केव्हाच आलं असेल.

तिसऱ्या घरी त्या जवानाची म्हातारी आई एकटीच होती. अगदी वाकलेली, कानानं जड. तिनं वडिलांचा हात धरला तो सोडलाच नाही. वडील मोठ्यानं सांगत होते, "बरा हाय. अंगानं भरलाय." ती ऐकायची, हसायची, आणि म्हणायची, "परत सांग." वडील परत सांगायचे. मला हसू आवरेना. आईनं मला चिमटा काढला. खरं तर घाई तिलाच होती. दारातून ऊन कसं सरकतंय ते ती सारखं बघत होती. पण म्हातारी चौथ्यांदा "परत सांग" म्हणाली, तेव्हा आई पिशवी बाजूला ठेवून तिच्याजवळ सरकली आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "आवं आत्या, लय जाड झालाय. कापडं हुईनात त्याला." म्हातारीनं आनंदानं टाळी वाजवली आणि आपल्या पेटीतून कधीचा जपलेला आंब्याच्या रंगाचा खण काढून नारळ-तांदळासह आईच्या ओटीत घातला.

तिथून निघालो तेव्हा गडाच्या वाटेला लागायला उशीर झालेला होता. चढून, उतरून, ट्रंक घेऊन स्टेशन गाठणं वडिलांना जमणार नव्हतं. स्टेशन गावाबाहेर, टांग्यानं जायचं. आणि रजा संपलेल्या शिपायाला गाडी चुकवता येत नाही.

वडील रस्त्यातच थांबले. इतकं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पुढल्या खेपंला नक्की. आता चला स्टेशनावर, टांग्यात तिघं मावतो."

मला रडू यायला लागलं. आई मात्र गडाकडं बघत होती. म्हणाली, "तुमी जावा. आमी वर चढतो."

"आन् मला पोचवायला?"

"वरनंच पोचवते. फलाटावर काय दिसतंय? गाडी हलली की संपलं."

वडील हसायला लागले. "अगं, तेवढ्या लांबनं मला काय दिसणार हाईस तू?"

आईनं पिशवीतून तो आंब्याच्या रंगाचा खण काढला. "ह्यो हालवीन. बघा खिडकीतनं."

ते नारळांचं ओझं घ्यायला लागले, तर म्हणाली, "ओटीचं नारळ पलटणीत न्हेता व्हय? जावा, उशीर हुतोय." वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कोपऱ्यावरच्या दुकानातून वाटेत खायला म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन हातात दिला आणि मागं न बघता गेले. त्यांची ती सवयच होती.

असा गड मी पुन्हा कधी चढले नाही. तीन नारळ, पदरात तांदळाचं गाठोडं, न खाल्लेली भाकरी. आई दर वळणावर थांबायची, खाली बघायची आणि मला ओढायची. वर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. गडाच्या पूर्वेच्या टोकावर जाऊन उभ्या राहिलो. खाली सगळं सातारा, पलीकडं झाडीत नदी, आणि समोर जरंडेश्वराचा डोंगर. आमचा रोजचाच डोंगर, पण पाठीकडून. आई म्हणाली, "बघ की, हिकडनं बी तसाच हाय."

मग शिट्टी ऐकू आली. म्हणजे मला आली, तिला आली नाही. पण धूर तिनं आधी बघितला. इवलीशी गाडी डोंगराच्या पायथ्यानं निघाली आणि खरंच, संपेचना. आई खण हालवत राहिली. हात दुखला की दुसऱ्या हातानं. मीही ओरडत होते, काय ते आता आठवत नाही. गाडी गेली, धूर गेला, तरी तिचा हात वरच होता.

नंतर ती दगडावर बसली आणि रडली. थोडंसंच. मग पदरानं तोंड पुसून तिनं एक नारळ काढला आणि तिथंच दगडावर आपटून फोडला. मी म्हटलं, "ओटीचा नारळ न्हवं?" म्हणाली, "आजचं गोड हितंच." खोबरं, पेढे आणि सकाळची भाकरी. त्याहून चांगलं जेवण मला आठवत नाही.

पुढच्या सुट्टीत वडील आले तेव्हा त्यांनी पायातले बूट काढायच्या आत तिनं विचारलं, "खण दिसला का?"

"दिसला की!" वडील म्हणाले. "दारातच उभा हुतो मी. उन्हात असा चमकत हुता. तू बी दिसलीस."

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. ते वाळले होते. आता ही खंदकाचं काहीतरी बोलणार म्हणून मी हसायच्या तयारीत होते. पण ती तांब्या खाली ठेवून उंबऱ्यावर त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "परत सांगा."