कोयनेची ओळ

“पण मावशी, वाचतंय कोण ह्ये?”

रहिमतपूरच्या स्टँडवरच्या फळ्यासमोर एक तरुण डस्टर घेऊन उभा होता. त्याला तिथं त्याच्या नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायच्या होत्या. मावशी खडू घेऊन मध्ये उभ्या होत्या.

साताऱ्याची बस धरायला मी रोज तिथं येते. मावशी गजरे विकतात, पण टोपली मांडण्याआधी फळ्यावर दिनविशेष लिहितात. खडू पाण्यात बुडवून लिहितात, म्हणजे वाळल्यावर अक्षर सहज पुसलं जात नाही. त्यांचं नाव मला माहीत नाही. आम्ही कधी बोललोही नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी वाचन अडखळायचं. ते या फळ्यावर सुधारलं.

त्या दिवशी अकरा डिसेंबर होता. वरची ओळ होती, ‘१९४६ : जगातल्या मुलांसाठी मदतनिधी स्थापन.’ खाली मोठ्या अक्षरांत, ‘१९६७ : कोयनेचा भूकंप.’

“दादांचा वाढदिवस बी दिनविशेषच की!” तरुण हसला.

“दादास्नी चौकभर फ्लेक्स हायती,” मावशी म्हणाल्या. “कोयनेत गेलेल्यांस्नी एवढी एकच ओळ हाय. ती न्हाई पुसायची.”

“आवं, बघा तरी. एक माणूस वाचतंय का?”

रांगेतले सगळे मोबाइलमध्ये होते. मावशींनी कुणाकडेच पाहिलं नाही. खडू पुन्हा भिजवून त्या ‘कोयने’वरची मात्रा ठळक करू लागल्या. त्यानं डस्टर उचललं.

माझी बस लागली होती. चढता चढता मी बसच्या पायरीवरून परत खाली उतरले.

“मी वाचते,” मी म्हणाले. “रोज वाचते.”