दोन पंप आणि दिवाळीची सुट्टी

सिंगापूरमधल्या तुआसच्या वर्कशॉपची प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली त्या वर्षीची ही दिवाळी. आम्ही जहाजांचे पंप दुरुस्त करतो. तोवर मी फक्त डिझाइनचं बघत होते; माझं काम चोख झालं की मी घरी जायला मोकळी. आता सगळ्यांचंच काम माझं झालं होतं.

सणाच्या आदल्या आठवड्यात एका मालवाहू जहाजाचे दोन बॅलास्ट पंप आले. जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरणारे हे पंप. जहाज दिवाळीच्या संध्याकाळी निघणार होतं आणि दोन्ही पंप त्याआधी हवे होते. पहिला चाचणीत छान चालला. दुसऱ्याचं बेअरिंग तापायला लागलं.

उत्पादन सांभाळणारे गृहस्थ आमच्यात सर्वांत जुने, इथलेच चिनी. सगळे त्यांना अंकल म्हणत. ते म्हणाले, "नवं बेअरिंग थोडं तापतंच. चाललं की बसेल. आजवर आपण कुणाचं जहाज अडवलेलं नाही."

चाचणी विभागाची प्रमुख त्यांच्या मुलीच्या वयाची, तमिळ. तिने आवाजही चढवला नाही. "तापमान अजून वाढतंय. ते थांबत नाही तोवर मी पास करणार नाही."

"मग पंप पुन्हा उघडू," अंकल माझ्याकडे वळून म्हणाले. "पण त्याला फिटर लागतील. दिवाळीला बोलवा त्यांना."

आमचे बहुतेक फिटर तमिळनाडूचे. ते गेले दोन रविवार कामावर आले होते, आणि दिवाळीची सुट्टी नक्की मिळेल असा शब्द मी स्वतः त्यांना दिला होता.

त्या दिवशी घरी येताना एमआरटीच्या गाडीत मी अंकल, ती आणि फिटर, अशा तिघांच्या बाजूने मनातल्या मनात भांडून पाहिलं. दर वेळी जो बोलत होता तोच बरोबर वाटत होता. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेत आहे, पंपातलं त्याला काही कळत नाही.

त्याने विचारलं, "जहाजावरच्या माणसांशी कोणी बोललंय का?"

"जहाज कंपनीच्या ऑफिसशी बोलतोय ना आम्ही रोज."

"ऑफिसशी नाही गं. जे पंप चालवणार आहेत त्यांच्याशी."

कोणीच बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची परवानगी काढली आणि अंकल व चाचणीवाली, दोघांनाही बरोबर घेतलं. वेस्ट कोस्टच्या धक्क्यावरून लाँच निघाली. समुद्र शांत होता, पण ते दोघं लाँचच्या दोन टोकांना बसले. मध्ये मी, दोरीची शिडी चढायची या विचाराने धास्तावलेली.

जहाजाचा चीफ इंजिनिअर फिलिपिनो होता. त्याने आम्हाला कॉफी दिली. मी काही न लपवता दुसऱ्या पंपाचं सांगितलं. अंकलनी मान खाली घातली.

चीफ म्हणाला, "या फेरीत माल भरलेला आहे, त्यामुळे टाक्यांत पाणी फारसं भरावं लागणार नाही. एका पंपावर माझं भागतं, जुना तिसरा पंपही हाताशी आहे. पण जो द्याल तो भर समुद्रात बंद पडता कामा नये. दुसरा परतीच्या फेरीत द्या. ऑफिसला मी कळवतो."

ऑफिसने ते मान्य केलं, पण खुशीने नाही. आमच्या मुख्य साहेबांनी मला फोनवर बरंच ऐकवलं, आणि पुढचं काम आपल्याकडे येईलच असं धरू नका, असंही सांगितलं. ते मी ऐकून घेतलं. पहिला पंप वेळेआधी जहाजावर पोचला. फिटर लिटल इंडियात सण करायला गेले. मी घरी करंज्या तळल्या. लेक इथल्या ढंगात म्हणाली, "आई, धिस वन बर्न्ट लाह," आणि तीच करंजी तिने खाल्ली.

सुट्टीनंतर दुसरा पंप उघडला. बेअरिंग बसतं ती जागा किंचित वाकडी घासली गेली होती. नुसतं चालवून ते कधीच बसलं नसतं. अंकलनी त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. मग चाचणीवालीला म्हणाले, "चल, दोघं मिळून सरळ करू." तिने हातमोजे चढवले.

जहाज परतलं तेव्हा पंप तयार होता. पुढचं कामही आलं, पण उशिरा, आणि मधले आठवडे मी काळजीत काढले. त्यानंतरही त्या दोघांचे वाद झाले, अजूनही होतात. मात्र आता नवं काम आलं की अंकल आधी जहाजावर फोन लावतात, आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवतात.